शिट्टीवाला आणि सोळाशे शब्द

४ ऑगस्ट

झालं! लोढणं गळ्यात पडलं. गळ्यात शिट्टी होती तेवढी पुरे नव्हती का?

डिप्लोमाच्या समन्वयक बाईंनी बोलावलं. मला वाटलं, व्हॉलीबॉलची नवी जाळी मंजूर झाली. उड्या मारत गेलो. तर म्हणतात, "सर, तुमचे आठवड्याला तीन तास रिकामे असतात ना?"

तत्त्वज्ञानाच्या मॅडम नवऱ्याची बदली झाली म्हणून गेल्या. त्यांचा विषय आता मी शिकवायचा. नाव — 'ज्ञानाचा सिद्धांत'. हसू नये. या आंतरराष्ट्रीय डिप्लोमाची मुलं दोन वर्षं सहा विषय करतात, वर एक मोठा प्रबंध, वर समाजसेवा, आणि त्या सगळ्याच्या वर हे. सक्तीचं.

"बाई, मी खेळाचा शिक्षक आहे."

"प्रशिक्षण आहे, सर. ऑनलाइन. दोन दिवसांचं."

दोन दिवसांत तत्त्वज्ञ! मला सरळ सर्व्हिस करायला दोन वर्षं लागली होती.

बायकोला सांगितलं. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते, हसण्याबाबत फार काटकसरी. आज खुर्ची धरून हसली. मग म्हणाली, "शाळेत गणितात दोनदा आपटलेलं सांगितलंस का त्यांना?"

नाही सांगितलं.

८ ऑगस्ट

पहिला तास. बारावीची नऊ मुलं. फळ्यावर लिहिलं — आपल्याला जे माहीत आहे, ते माहीत आहे हे कशावरून? वळलो. नऊ चेहरे. पुढचं वाक्य डोक्यातून साफ! हात आपोआप छातीकडे गेला आणि मी चक्क शिट्टी वाजवली. काढून ठेवायचीच राहिली होती.

शेजारच्या वर्गातले रसायनशास्त्राचे सर डोकावून गेले.

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, तुमचं स्वतःचं उत्तर काय?"

"मला नाही माहीत."

तिनं ते वहीत उतरवून घेतलं. तारखेसकट! तिला वर्गात 'तळटीप' म्हणतात. 'आज उकडतंय' म्हटलं तरी हे कुठे वाचलं ते सांगते म्हणे.

२९ ऑगस्ट

पाठ्यपुस्तकाचं अकरावं पान तिसऱ्यांदा वाचलं. पान जिंकलं.

१९ सप्टेंबर

आज पुस्तकाला रामराम ठोकला आणि नऊ जणांना मैदानावर नेलं. कोर्टाच्या चारी बाजूंना उभं केलं. मी चेंडू मारला — रेषेजवळच, मुद्दाम. आत का बाहेर? चार म्हणाले आत, चार म्हणाले बाहेर, आणि जुंपली! कोण जवळ होतं, कोणाच्या डोळ्यांत ऊन होतं, कोणाला कोण जिंकायला हवं होतं. चाळीस मिनिटं मी तोंड उघडलं नाही. माझा आजवरचा सर्वोत्तम तास — मी गप्प होतो म्हणून.

तळटीप तेवढी कडेला. "तुझं काय?"

"मला चेंडू दिसलाच नाही, सर. मी शिंकत होते."

नवव्यांदा विचारलं तेव्हा कुठे एक खरं उत्तर मिळालं.

१४ नोव्हेंबर

निबंधाचे आराखडे आले. सोळाशे शब्द, परदेशातले परीक्षक तपासणार. त्याचा आणि प्रबंधाचा मेळ जमला तर एकूण गुणांत एकदोन जादाचे. पोरं त्या एकदोनांसाठी झुरतात. एकाला वर्गात घोरताना पकडलं. उठवलं नाही. तत्त्वज्ञान आहे, ऐकू येतं झोपेतही.

तळटीपचा विषय — तज्ज्ञावर विश्वास कधी ठेवावा? उदाहरण घरचंच. तिचे बाबा दातांचे डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी तिची दाढ दुखायला लागली. बाबांनी एक्स-रे काढला, म्हणाले काही नाही, अभ्यास चुकवायची नाटकं. तीन दिवसांनी गाल टम्म फुगला.

"दुखणं मला माहीत होतं. एक्स-रे बाबांना माहीत होता. मग जास्त माहीत कोणाला होतं, सर?"

वाक्यं अडखळत लिहिलेली. दर दोन ओळींनी 'म्हणजे'. पण मी ते उभ्यानंच वाचून काढलं. अकराव्या पानाचं मी असं कधी केलं नाही.

७ फेब्रुवारी

तळटीपचा अंतिम निबंध आला. गुळगुळीत. चार तत्त्वज्ञ, तिघांची नावं मला उच्चारता येत नाहीत. 'म्हणजे' एकही नाही.

दाढ गायब!

पुन्हा वाचला. चांगला आहे. माझ्यापेक्षा तर नक्कीच हुशार आहे. आणि खाली मी सही करायची — हे काम विद्यार्थिनीचं स्वतःचं आहे.

८ फेब्रुवारी

तिला मैदानाच्या बाकावर बोलावलं. म्हटलं, दाढ कुठे गेली?

बराच वेळ बुटाची नाडी ओढत बसली. मग — "बाबांनी एका शिकवणीच्या सरांकडे दिला होता. नुसती भाषा बघायला. परत आला तेव्हा माझा नव्हताच."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तो चांगला होता, सर."

मीही तेच म्हटलं होतं काल.

किती झोपतेस, विचारलं. चार तास म्हणाली, आणि एवढ्यावर मला बरं वाटावं म्हणून हसली.

१० फेब्रुवारी

समन्वयक बाई — "सर, आठ सह्या झाल्या, एकच अडकलीय. तिला परदेशातली जागा मिळालीय, पंचेचाळीसपैकी अडतीस गुणांच्या अटीवर. भाषा तर सगळेच तपासून घेतात."

"बाई, भाषा तपासलेली नाही. दात उपटलाय."

बोलून गेलो आणि स्वतःवरच खूष झालो. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "विचार करा. सतराला पाठवायचंय."

११ फेब्रुवारी

तिचे बाबा आले. मी तीन मुद्दे तळहातावर लिहून नेले होते. घामानं पुसले.

गृहस्थ साधा. ओरडायला आलाच नव्हता. खुर्चीच्या टोकावर बसला. "सर, रात्रंदिवस मरतेय हो ती. थोडा हातभार लावला, एवढंच."

"पण दाढ का काढली?"

खिडकीबाहेर बघत राहिले. "दुसऱ्यांच्या पोरांची दुखणी मी तोंड उघडायच्या आत ओळखतो. माझ्याच पोरीला खोटं ठरवलं. ते आता परक्या परीक्षकांना वाचायला द्यायचं?"

एवढंच म्हटलं, "मी सही करू शकत नाही. तिनं स्वतः लिहिलेलं आणलं तर डोळे झाकून करीन."

उठताना म्हणाले, "तुम्ही मुळात खेळाचे शिक्षक ना?"

"हो."

चांगलंच लागलं. जिना उतरेपर्यंत लागत होतं.

१५ फेब्रुवारी

चार दिवस ती वाचनालयात, समोर मी. ती लिहितेय, मी सातवीची उंची-वजनं भरतोय. मदत करायची नाही असा नियम, आणि करायला येतही नाही — असा जुळून आलेला नियम विरळा!

पहिल्या दिवशी तीन ओळी, तिन्ही खोडल्या. दुसऱ्या दिवशी रडली. मी रुमाल दिला, त्याला पायाच्या मलमाचा वास होता, मग शिंका. तिसऱ्या दिवशी मान वर न करता दोन तास. आज दुपारी पानं पुढ्यात ठेवली.

"शेवट जमला नाही, सर."

खरंच नव्हता जमला. मधे एक परिच्छेद भरकटलाय. तत्त्वज्ञ एकच, तोही घाईत येऊन गेलेला. पण दाढ आहे, एक्स-रे आहे, आणि बाबा आहेत — दार अर्धं उघडून 'पाणी हवंय का' विचारणारे, 'चुकलो' न म्हणणारे.

सही केली. फर्मास, लफ्फेदार.

३ मार्च

समन्वयक बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षीही विषय तुमच्याकडेच ठेवू. मी 'बघू' म्हणालो. आवाज विचारवंताचा काढला.

२१ मे

परीक्षा संपल्या. बायकोच्या भावाला जेवताना सगळा किस्सा सांगितला — सही, दाढ, डॉक्टर. दुसऱ्यांदा. दुसऱ्या वेळी संवाद थोडे सुधारून. बायको म्हणाली, "आता फक्त तुझा पुतळा उभारायचा राहिलाय." मी म्हटलं, मैदानात उभारा, जाळीचा एक खांब वाचेल.

खरं सांगायचं तर आतून फुगलोच आहे. इतक्या वर्षांत पोरांना पळवलं, उड्या मारायला लावल्या. कोणासाठी ठाम उभा राहिलो असं हे पहिल्यांदाच.

६ जुलै

निकाल. तळटीपला सदतीस.

हवे होते अडतीस. निबंधाला मधली श्रेणी आली. एक श्रेणी वर असती तर जादाचा गुण मिळाला असता. तो गुळगुळीत निबंध ती श्रेणी घेऊन आला असता. समन्वयक बाई हे बोलल्या नाहीत. कागद माझ्यासमोर ठेवून दुसरीकडे बघत राहिल्या. परदेशातली जागा गेली.

संध्याकाळी ती मैदानावर आली. मला स्वतः सांगायला. मी म्हटलं, कळलंय. बाकावर बसलो दोघं.

"माझा राग येतो?"

"हो, सर."

मला वाटलं, पुढे 'पण' येईल. आला नाही.