उलट्या नावाचा अल्बम

दि. ४ मार्च

चि. खारूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र येऊन अठरा दिवस झाले, पण तुझा नवरा दिवसाआड दुकानात येऊन तुझा पत्ता मागतो. परवा त्यानं कॉलर धरून माझं डोकं पुस्तकं दाबायच्या शिकंज्यावर आपटलं. कपाळाला टेंगूळ आलं, तोंडातून पत्ता काही आला नाही. फोन करू नकोस. हा फोन त्यानंच घेऊन दिलाय, त्यात कोण कान लावून बसलंय देव जाणे.

भुवईचे टाके निघाले का? खाज सुटली तरी नख लावू नकोस. आणि तू परदेशी जायला मागितलेला तो व्हिसा मला नीट समजलेला नाही. तू लिहिलंस, तात्पुरतं वास्तव्य. आम्हा बाइंडरांच्यात तात्पुरती म्हणजे कच्ची शिलाई, ओढली की सुटते. तुला तसंच ओढून परत पाठवतील का? त्यावर नवऱ्याची सही लागते का? मी चौथी नापास. आयुष्यभर पुस्तकं शिवली, वाचली नाहीत. सावकाश सांग.

म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा बाबा

दि. ८ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

टाके निघाले, सातही. एक भुवई वर राहिलीय, त्यामुळे आरशात मी सदा कसली तरी काळजी लागल्यासारखी दिसते. अगदी तुमच्यासारखी.

हा व्हिसा शिकलेल्या पण कुणाच्या नोकरीत नसलेल्या माणसांसाठी असतो. आर्किटेक्ट, भाषांतरकार, असे. दोन वर्षं राहता येतं, काम चालू असलं की मुदत वाढते. म्हणजे शिलाई कच्ची, पण दोरा चांगला. नावापुढे 'स्वतंत्र व्यावसायिक' असं छापून येतं. नवऱ्याची सही कुठेही नाही.

लागते ती अस्सल पदवी, आणि तीच आता नाही. त्यानं ती फ्रेममधून काढून फाडली, तुकडे ताटात मांडले आणि फोटो मेलवर पाठवला. खाली लिहिलं, पुढच्या वेळी तुझे हात. विद्यापीठ नवी प्रत द्यायला पाच महिने घेतं. माझी व्हिसाची मुलाखत इथल्या वकिलातीत १९ तारखेला आहे, ती हुकली तर पुढची वर्षानं. तोवर तो मला शोधून काढेल. मागच्या वेळी माझं डोकं टेबलावर आपटताना तो थांबला तो दमून, दया येऊन नाही.

तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका. तुमचा हात डोक्यावर आहे असं समजून झोपते.

आपली,
खारू

दि. १४ मार्च

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

अक्षर बघून घाबरू नकोस, डाव्या हातानं लिहितोय.

त्यानं फाडली ती पदवीची रंगीत झेरॉक्स होती. लग्नाआधी तू पदवी माझ्याकडे फ्रेम करायला दिलीस, त्याच आठवड्यात जावई म्हणाले होते की आता हिला हिचा काय उपयोग. मी फ्रेममध्ये झेरॉक्स घातली आणि अस्सल पदवी बटर पेपरात गुंडाळून तुमच्या लग्नासाठी बांधत होतो त्या अल्बमच्या पुठ्ठ्यात, अस्तराखाली ठेवली. भीतीनं कुणाला बोललो नाही, तुलाही नाही. तोच अल्बम, ज्यावर मी नाव उलटं छापलं. परकी लिपी, वरखाली कळली नाही. सगळं वऱ्हाड हसलं, आणि जावई मला उलटे सासरे म्हणायला लागले.

परवा दुपारी तो कामावर असेल असं धरून तुझ्या सासरी गेलो. विहीणबाईंना म्हटलं, लेकीचे फोटो बघावेसे वाटतात. कपाटात तीन अल्बम, तिन्ही निळे. उलट्या नावामुळे आपला लगेच सापडला. हात घातला तोच तो मागून आला. कपाटाचं लोखंडी दार माझ्या हातावर लोटलं. एकदा, पुन्हा, मग सगळं अंग टाकून. बोटं मोडली ती वाळका पुठ्ठा मोडावा तशी वाजली. उलट्या सासऱ्याला आज सरळ करतो, असं म्हणत त्यानं पोटात लाथा घातल्या. माझ्या खिशात टोचा होता, पानांना भोकं पाडायचा. तो डाव्या हातानं त्याच्या मांडीत मारला. मुठीपर्यंत गेला. वाईट वाटलं असं लिहायला हवं, पण वाटलं नाही.

रक्त अल्बमपर्यंत पोचायच्या आत विहीणबाईंनी तो उचलून माझ्या पिशवीत घातला आणि हळूच म्हणाल्या, व्याहीबुवा, मागच्या जिन्यानं जा. त्यांच्या दंडावर मला जुने वळ दिसले.

अस्तर वाफेवर सोडवलं. पदवी करकरीत आहे. एका कोपऱ्यावर हिरवट-निळा डाग पडलाय, तो मोरचुदाचा. कीड लागू नये म्हणून खळीत घालतो. साहेबानं विचारलं तर बाप बाइंडर आहे म्हणून सांग. कुरिअरनं आजच पाठवतोय, हे पत्र त्याच पाकिटात आहे.

तो जगलाय, लंगडेल म्हणतात. पोलिसांनी काल मला दिवसभर बसवून जामिनावर सोडलं, दर सोमवारी हजेरी आहे. तू मला बघायला येऊ नकोस, १९ तारीख हुकेल. फॉर्मात बापावर केस आहे का असा रकाना असला तर बाप वारला म्हणून लिही, माझी हरकत नाही.

व्हिसा मिळाला की त्याची झेरॉक्स पाठव. 'स्वतंत्र' कुठे छापलंय तिथं पेन्सिलीनं खूण कर, आणि कागदाची वरची बाजू कुठली तेही लिही. दुकानात लावायचाय. पोस्टमनची वाट बघत दारातच बसलोय, लवकर कळव.

तुझा,
उलटा बाबा