पुलाच्या सिनेमाची शेवटची दोन रिळं

मी, मैना देवजी विशे, श्री. बारकू पष्टे यांची मुलगी, वय एकसष्ट, राहणार सापगाव, तालुका शहापूर, आज माझं मृत्युपत्र लिहून ठेवते. कुणी भरीस घातलेलं नाही, कुणी धाक दाखवलेला नाही. दाखवून पाहावा. माझी बुद्धी शाबूत आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या घरात बाई 'नाही' म्हणाली की तिला वेड लागलं असं ठरवायची रीत आहे. माझ्या आईला तीस वर्षं वेडी म्हणत होते. याआधी मी कुठे काही लिहून दिलं असेल तर ते रद्द समजावं.

वकीलसाहेब बाबांच्या नावाआधी 'कैलासवासी' लिहायला निघाले होते. मी त्यांना थांबवलं. कारण खाली येईल.

कलम एक, शेत. सापगावचं भातशेत मुलगा दामू आणि मुलगी माधुरी यांना निम्मं निम्मं. सातबाऱ्यावर वर बाबांचं नाव आहे, खाली माझं. बाबांच्या नावापुढे 'मयत' असा शेरा मारून घेण्याचा अर्ज दोघांपैकी कुणीही करू नये. वकीलसाहेब म्हणाले, "बाबा हयात धरले तर शेत तुमचं कसं?" मी म्हटलं, तो हिशेब बाबा आले की त्यांच्याशी करा. असलं कलम टिकत नाही म्हणतात. न टिको. लिहा.

बेचाळीस साली बाबा गोऱ्यांच्या फौजेत भरती होऊन ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेले, तेव्हा मी पाळण्यात होते. दोन वर्षांनी सरकारी कागद आला. त्यात मेले असं नव्हतं, सापडत नाहीत असं होतं. माझे चुलते काळूराम यांनी तो कागद पुरता ऐकूनही घेतला नाही. आईच्या बांगड्या फोडायला बायका बोलावल्या, आणि शेत आपल्या नावावर करायला स्वतः चावडीवर गेले. आई, गोदू तिचं नाव, कोयता घेऊन उंबऱ्यात बसली. म्हणाली, "मी त्याला मेलेला बगला नाय. तुमी बगला का? बगला असंल त्यानं म्होरं या." कुणी पुढे आलं नाही. शेत बाबांच्याच नावावर राहिलं, ते आईने एकटीने लावलं आणि मरेपर्यंत हिरव्या बांगड्या घातल्या.

कलम दोन. त्यातल्या दोन बांगड्या, न फुटलेल्या, काळूराम यांच्या वारसांना द्याव्यात. घरात सगळ्यांना दिसतील अशा टांगाव्यात. त्यांना माझ्याकडून दुसरं काहीही नाही.

कलम तीन, सिनेमाचं मशीन, पांढरा पडदा आणि पुलाच्या सिनेमाची सगळी रिळं. ही माधुरीची, एकटीची. यावर भांडण होणार आहे म्हणून सविस्तर लिहिते.

माझे यजमान देवजी यांचा तंबूतला सिनेमा होता. मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत दर पौषात तंबू पडायचा. त्यांच्याकडे लढाईचा एक सिनेमा होता. नावाचा तुकडा आमच्याकडे येण्याआधीच तुटलेला, म्हणून लोक 'पुलाचा सिनेमा' म्हणत. गोऱ्यांच्या पलटणीतला आपला एक शिपाई, इस्पितळातल्या नर्सवर त्याचा जीव. साहेब गाव जाळायला सांगतो, हा बंदूक खाली टाकतो आणि पळतो. बाराव्या रिळात दोघं लाकडी पुलावर भेटतात. तेराव्यात त्याला पकडून गोळ्या घालतात आणि सिनेमा संपतो.

देवजी आणि त्यांचा तंबू बांधणारा गडी बुधू, दोघे रिळांच्या डब्यांची झाकणं ताटली म्हणून वापरायचे. जेवण झालं की हाताला येईल ते झाकण हाताला येईल त्या डब्यावर. आकडे झाकणांवर. बासष्ट सालच्या जत्रेत त्यामुळे तेरावं रीळ आधी लागलं आणि बारावं नंतर. शिपाई गोळ्या खाऊन पडला, धूर झाला, आणि पुढच्या रिळात तोच पुलावरून चालत आला. सगळा तंबू उभा राहिला. आई माझा दंड धरून ओरडली, "उठला! बग गो मैने, उठला!" वीस वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी देवजींनी चूक सुधारली. पूल आधी, गोळ्या शेवटी. आई बायकांच्या बाजूला उभी राहिली आणि म्हणाली, "ए मशीनवाल्या, उलटा लावलास!" लोक हसले. देवजी हसले नाहीत. त्यांनी बारावं रीळ परत गुंडाळलं आणि शेवटी पुन्हा पूल दाखवला. खेळ सुटल्यावर येऊन म्हणाले, "मावशी, फुडच्या वर्षी नीट लावतो."

आईने विचारलं, "नीट म्हंजे कसा?"

"तुमी सांगाल तसा."

घरी जाताना मी आईला सांगून टाकलं, लगीन करीन तर ह्याच्याशीच. काळूराम म्हणाले तंबूवाल्याला मुलगी देत नाहीत. आईने दिली.

सिनेमा पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाला उलट्या रिळांचा सुगावा लागला आणि त्याने सिनेमा देणं बंद केलं. देवजींनी तीच झिजलेली रिळं कायमची विकत घेतली. त्या पैशांत माझं मंगळसूत्र होतं. मला एक दिवसही पस्तावा झालेला नाही.

आता मुंबईचे एक गृहस्थ दिवाळीपासून दोनदा येऊन गेले. त्यांना रिळं हवी आहेत. धुऊन, क्रमवार लावून, सीडीच्या चकतीवर घालणार म्हणतात. दामू आसनगावहून रोज कल्याणला जातो, चार लोकांत वावरतो. तो म्हणाला, "आये, लोकांना ओरिजिनल पायजे. तुझ्या आज्जीच्या खुळापायी पिच्चर कुजवायचा काय?" आजी त्याची, माझी आई. तेही तो रागात विसरला.

दामू, मी खुळी नाही. बाबा येणार नाहीत हे मला चौथीत असतानाच कळलं होतं. तुझ्या वडिलांना मी शहाण्णव साली माझ्या डोळ्यांनी चितेवर पाहिलं, तेव्हा मी पूल लावला नाही. पण बाबांना कुणीच पाहिलं नव्हतं, आणि तरी सगळे आईला सांगत होते की तुझं संपलं. तंबूतल्या एका परक्या माणसाने तेवढं तिचं ऐकलं. ते मी मुंबईवाल्याला सरळ करू देणार नाही.

म्हणून कळवते की काम झालेलं आहे. मागच्या आठवड्यात मी तेरावं रीळ आधी आणि बारावं त्याच्या शेपटाला, असं एका मोठ्या चाकावर जोडलं. 'समाप्त'चा तुकडा कापून पुलाच्या मागे चिकटवला. माझा जोड सुटत नाही, देवजींनी शिकवलाय.

कलम चार, राहतं घर. हे दामूला, एका अटीवर. माझ्या तेराव्याला गोडधोड नको. अंगणात पडदा लावावा आणि ते चाक चालवावं. मशीन माधुरी चालवील. शिपाई पुलावर आला की कुणीतरी ओरडायला हवं. आई नाही, मीही नसेन. ते दामूने करायचं, उभं राहून, वेशीपर्यंत ऐकू जाईल असं. तोंडातल्या तोंडात पुटपुटला तर घरही माधुरीचं.

तंबूचं कापड बुधूला द्यायचं होतं. साक्षीदाराला काही न दिलेलं बरं, असं वकीलसाहेब म्हणाले. म्हणून ते मी आज सकाळीच त्याला देऊन टाकलं. तो आता साक्षीला मोकळा आहे.

वरचं सगळं मला वाचून दाखवलं, मी ऐकलं, आणि एकही शब्द बदलू दिला नाही.

ठिकाण: शहापूर
तारीख: ६ जानेवारी २००३

सही: मैना देवजी विशे

साक्षीदार:
१. बुधू, तंबू बांधणारा, राहणार मुरबाड (डाव्या अंगठ्याची निशाणी). यांनी सांगितल्यावरून नोंद: झाकणं मीच बदलली होती.
२. सरिता, शेजारीण, राहणार सापगाव (सही). हिच्या सांगण्यावरून नोंद: दामू नाय ओरडला तर मी ओरडीन.