दोघींचा ओटा

४ जाने., रवि.
गंगापूर रोडच्या नव्या फ्लॅटवर गेलो. स्वयंपाकघरात नुसत्या भिंती. डिझायनर मुलगी टेप घेऊन आली होती, बोलायला गोड. गॅस पूर्वेला, सिंक खिडकीखाली, ट्रॉल्या किती. मी आपली हो हो. मग विचारते, "काकू, किचनमध्ये कितीजणी काम करता?" म्हटलं, "दोघी." तिनं लिहूनही घेतलं. भाड्याच्या खोलीवर परत आले तेव्हा लक्षात आलं, काय बोलून बसले ते.

७ जाने., बुध.
नंदाची आठवण. नात्यानं माझी धाकटी जाऊ, पण पाठची बहीण असती तरी इतकं जमलं नसतं. दिवाळीत यांचं आणि भाऊजींचं बिनसलं. फुलांचा मळा विकायचा की नाही यावरून. यांनी आमचा वाटा विकला आणि आम्ही निघालो. भांडण भावाभावांचं, तोंडं शिवली आमची.

१३ जाने., मंगळ. भोगी
तिळाची भाकरी करायला घेतली. थापताना मोडली. दुसरी तव्यावर टाकताना मोडली. लग्नापासून थापायची नंदा, भाजायची मी. ती डावखुरी, म्हणून माझ्या डाव्या अंगाला उभी राहायची. आमचे हात कधी एकमेकींना लागले नाहीत. हे म्हणाले, "बाजरी जुनी असेल." बाजरी नवी आहे. खूप रडले. भाकरीसाठी रडते असं वाटलं असेल यांना. वाटू दे.

१८ जाने., रवि.
नकाशा आला. गॅसच्या डावीकडे वेगळा ओटा, चांगला वीतभर बुटका. मीच सांगितलं होतं म्हणे. मी ही एवढी उंच, नंदा माझ्या खांद्याला लागते.
"इथं कोण बुटकं आहे?" हे.
"पीठ मळायला बरं पडतं."
मुलगी म्हणाली, "उजव्या हाताच्या माणसाला हे सगळं उलटं पडेल, काकू. बदलू का?"
राहू दे म्हटलं. हे माझ्याकडे बघत राहिले. कळलं असावं.

२२ फेब्रु., रवि.
ग्रॅनाइट बसलं. सुंदर दिसतं, आणि बघवत नाही. हे बाहेर गेल्यावर नंदाला फोन लावला. उचलला तिनं.
"ओटा झाला गं."
"केवढा केला, ताई?"
सांगितलं. मग नाक ओढल्याचा आवाज.
"दादांनी आमच्या यांना तोंडानं बोलवलं पायजे. त्याबिगर मी आले, तर मला हितं राहणं अवघड हाय. तुम्ही समजून घ्या."
समजून घेतलं. दुसरं काय करणार...

१ मार्च, रवि.
उद्या नव्या घरात दूध उतू घालवायचं. हे म्हणाले, कुणाला सांगायचं राहिलं का?
"तुमच्या भावाला."
"त्याचं नाव काढू नको."
मग सांगूनच टाकलं. नंदा आल्याशिवाय मी गॅस पेटवणार नाही. पाहुणे बसू देत ताटकळत.
"लोक काय म्हणतील?"
"सांगा, बाईला एकटीला स्वयंपाक येत नाही."
हे उठले. चपला घातल्या, गाडीची किल्ली घेतली. कुठे, ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. खिडकीतून पाहिलं. गाडी मखमलाबादच्या बाजूला वळली. भाऊजींचा मळा तिकडेच आहे. उद्याचं दूध ज्याला सांगायचंय, तो गवळीही तिकडेच.