तीनचा चार्ज

८ सप्टें., सोमवार
२.०० रीडिंग – समोर दिवे ३, रस्त्यावर माणसं ०, कुत्री २ (झोपलेली. त्यांनाही जमतं). वारा नाही.
३.०० ला ग्रुपवर ताईंना चार्ज दिला, म्हणजे पाळी सोपवली. त्यांचं लगेच आलं, "घेतला. दिवे ४, माणसं ०, कुत्री १. आज जास्त टाइप करत नाही, डोळे चुरचुरतात."
कालही चुरचुरत होते. परवाही. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा म्हणून लिहिलं. उत्तर सकाळी साडेसहाला.

९ सप्टें.
चहाच्या वेळी सु. म्हणाली, "रात्रभर कुणाशी टकटक चालते तुमची?" चौथ्यांदा समजावलं. आपली बायको, पण डोकं टेकलं की गेली, तिला काय कळणार.
चार जण आहोत. जायफळाच्या दुधाने झोप येते असा एक व्हिडिओ होता, त्याच्याखाली आमची भांडणं झाली आणि तिथूनच ग्रुप झाला. दीड वर्ष होईल. एकला गुरुजी (शाळामास्तर, रिटायर), दोनला मी, तीनला ताई, चारला मिस्त्री (बेकरी होती, आता मुलगा बघतो). गुरुजींचे नियम: नाव-गाव विचारायचं नाही, आजार सांगायचे नाहीत, फुलं-देव-सुप्रभात नाही. आणि ज्याला झोप लागायला लागली त्याने तसं सांगून निघायचं, बाकीच्यांनी अभिनंदन करायचं. पाचच्या एक आजी होत्या, त्या जुलैत अशा गेल्या. अभिनंदन केलं, पण दोन दिवस मला चैन नव्हतं.
रीडिंगचं खूळ माझं. नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात अडतीस वर्षं कंट्रोल पॅनेलवर काढली. दर तासाला शीट भरायचं, पुढचा आला की त्याला चार्ज द्यायचा. तसं काही केल्याशिवाय रात्र सरकत नाही.
सु.: "तिथे निदान पगार होता."

१३ सप्टें., शनि
ताईंशी नीट बोलणं होऊन तीन आठवडे झाले असावेत. आधी तीन ते साडेतीन आमचीच वेळ. दूध उतू जायच्या आधी पातेल्याचा आवाज बदलतो, असं त्या एकदा म्हणाल्या. मी बॉयलरचं सांगितलं. तेवढ्यावर तीन रात्री निघाल्या. कुणाला सांगितलं तर हसेल. पण आख्ख्या दिवसात असं कोणी विचारत नाही की, मग पुढे आवाज कसा होतो?
आता नुसते डोळे. डॉक्टरला दाखवा म्हणावं तर आजाराचा नियम आड येतो.

१६ सप्टें.
दुपारी जुने मेसेज वाचत बसलो. मे महिन्यातला ताईंचा एक: "खाली लारीवाला अजून भांडी घासतोय. उसळीचा वास वर येतो, शेव मात्र संपली असणार."
मे महिन्यात हे डोळ्यांखालून गेलं कसं? पुण्याकडचा माणूस गाडी म्हणेल. लारीवर सेव-उसळ म्हणजे आमचं बडोदं. कदाचित दहा मिनिटांवर. कदाचित भाजीला एकाच बाईपाशी उभे राहत असू.
सु.ला सांगितलं नाही. का नाही, विचार करायला हवा.

१९ सप्टें., शुक्र
रिकामपण. ताईंची गेल्या पंधरा दिवसांची रीडिंगं मागच्या पानावर उतरवली. ४-०-१. ४-०-१. ३-०-१. ४-०-१. ५-०-१. ४-०-१.
हे शीट मी ओळखतो. मधे एखादा तीन, एखादा पाच, उगाच खरं दिसावं म्हणून. आगाऊ भरलेलं आहे.
मी स्वतः भरलंय असं. नोकरीच्या सहाव्या वर्षी रात्रपाळीला पाचपर्यंतचे आकडे दोनलाच टाकले आणि खुर्चीत डोळे मिटले. साडेतीनला कॉम्प्रेसर बंद पडला. साहेब आले तर माझ्या शीटवर पाचचं प्रेशर अगदी झकास. पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही. तेव्हा मला सहज झोप लागायची, ही गंमत आज लक्षात आली.
पण ताई कशाला भरतील? कोणता साहेब येणार आहे?

२४ सप्टें., बुध
नवरात्राचा तिसरा. दोनचं रीडिंग: माणसं मोजली नाहीत, मोजवत नाहीत. गरब्यावरून परतणाऱ्या चणियाचोळ्या, स्कूटरी, कोपऱ्यावर खाणंपिणं. बडोद्यात या नऊ रात्रींत तीनला सुद्धा रस्ता रिकामा नसतो.
ताईंचं तीनला: "घेतला. दिवे ४, माणसं ०, कुत्री १."
खिडकीखाली सेव-उसळीची लारी, नवरात्र, आणि माणसं शून्य.
बघितलंच नाही त्यांनी. खात्री झाली आणि मग भीती वाटली. त्या आहेत ना तिथे? की दुसरंच कोणी भरतंय? पण साडेसहाला उत्तर येतं ते त्यांचंच, "हो का", "बरं बाई" सकट. म्हणजे आहेत. मग तीनला कुठे असतात?

२६ सप्टें.
ग्रुप सोडून त्यांना एकटीला लिहिलं. पहिल्यांदाच. तासभर शब्द जुळवत होतो. शेवटी एवढंच: "ताई, तीनचं रीडिंग तुम्ही किती वाजता भरता?"

२७ सप्टें., शनि
सकाळी दहाला उत्तर आलं. "रात्री साडेनऊला."
मग एकापाठोपाठ एक. उतरवून ठेवतो.
"फोनमध्ये मेसेजला वेळ लावून ठेवता येते. भाचीने दाखवलं."
"गणपती बसायच्या आधीपासून मला झोप लागते. सलग. साडेसहापर्यंत."
"सासूबाई अकरा वर्षं अंथरुणावर होत्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तीनला उठून कुशीवर वळवायचं. त्या गेल्या, तरी चार वर्षं तीनला डोळा उघडायचाच. एक दिवस उघडला नाही. सकाळी ऊन बघून मी रडले."
"गुरुजींना सांगू नका. मला अभिनंदन नको आहे."
म्हणजे महिनाभर मी रोज तीनला चार्ज देत होतो तो घड्याळाला. डोळ्यांच्या पट्ट्याही घड्याळालाच.
"बरं" एवढंच लिहिलं.

२८ सप्टें.
राग गेला नाही. फसवलं म्हणून नाही, तेवढं मी समजू शकतो. तिला झोप लागते म्हणून. लिहूनच टाकतो, इथे कोण वाचतंय. एका बाईला पंधरा वर्षांनी झोप मिळाली आणि मला ती नको आहे. मला ती तीनला जागी हवी आहे.

३० सप्टें., अष्टमी
सु.ला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "त्या बाईला झोप लागली तर तुमच्या पोटात का दुखतं?"
मी म्हणालो, दुखत नाही.
"दुखतंय. पोळी अर्धी टाकलीत."

१ ऑक्टो.
गुरुजींचं फर्मान. कोजागिरीला जागणं हा आपला हक्काचा सण आहे, या वर्षी सर्वांनी बारा वाजता दूध घेऊन व्हिडिओवर यावं, एकमेकांची तोंडं बघू. मिस्त्री लगेच तयार. मी तयार. ताईंचं दिवसा आलं: "येते."
मला वेगळं लिहिलं त्यांनी. "बारापर्यंत जागता येईल का हो? दुपारी झोपून घेऊ का?"
हा प्रश्न मला विचारायचा? हसू आलं, बऱ्याच दिवसांनी. लिहिलं, चहा दोनदा घ्या, उभ्याने काम काढा, आम्ही पाळीत तेच करायचो. वर वाईटही वाटलं. झोप उडवायची विद्या मी तिलाच शिकवतोय.

४ ऑक्टो., शनि
गुरुजींनी विचारलं, ताईंच्या गावात नवरात्रात कोणी बाहेर पडत नाही का? त्यांनाही दिसलं तर. मी मधे पडलो, म्हटलं, असतील एखाद्या शांत सोसायटीत. खोटं बोललो. ताईंच्या खिडकीखालची लारी मीच लपवली.

७ ऑक्टो., पहाटे २.४०
कोजागिरी झाली.
बाराला चौघे. गुरुजी अगदी किरकोळ, कानटोपी घातलेले. मला धिप्पाड वाटायचे. मिस्त्री धिप्पाड. ताई साठ-बासष्टच्या, मोठा चष्मा, मागे लोखंडी कपाट, त्याला आरसा. दीड वर्ष रोज लिहितोय आणि तोंडं दिसल्यावर लाजलो चौघेही.
सु. दूध-पौव्याची वाटी घेऊन मागून डोकावली आणि मोठ्याने म्हणाली, "हीच का ती?" ताई हसल्या. त्यामुळे गाडी सुरू झाली. मिस्त्रींनी त्यांच्या बेकरीतल्या पहिल्या भट्टीची गोष्ट काढली. ती लांबली.
१२.२५ ला बघतो तर ताई झोपलेल्या. खुर्चीत, मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं. हातात पेला तसाच. मिस्त्री थांबले.
आम्ही तिघं बघत राहिलो. गुरुजींनी चष्मा काढून पुसला, परत घातला. मिस्त्री एकदम हलक्या आवाजात म्हणाले, "किती गाढ." गुरुजी म्हणाले, "कुणी बंद करू नका." वीस मिनिटं असतील. तीन म्हातारे एका बाईची झोप बघताहेत, कोणी हललं नाही. थोडं घोरतातही त्या. मला वाटलं होतं हेवा वाटेल, वाटला. पण आवाज होऊ नये म्हणून मी पंख्याचं बटण एकवर केलं, आमच्या घरातल्या पंख्याचं. मग त्यांच्या फोनची बॅटरी संपली असावी, चौकोन काळा झाला.
गुरुजी शेवटी म्हणाले, "हे कधीपासून?" मी सांगितलं.

८ ऑक्टो., बुध
गुरुजींचं म्हणणं: नियम तो नियम, निरोप द्यावा, सन्मानाने द्यावा. मिस्त्री: राहू द्या हो, आपल्यात एक तरी झोपणारं असू दे. एक-एक मत झालं. माझ्यावर आलं.
ताईंचं सकाळी: "खुर्चीत मान अवघडली. तुम्ही म्हणाल ते. मला फक्त असं वाटतं की मी निघाले तर तीनला तिथे कोणी नसेल."
दिवसभर तेच वाक्य डोक्यात.

९ ऑक्टो., गुरु
पॅनेलवर नियम होता. बदलीचा माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. मुलगी झाली त्या दिवशी माझी बदली आली नव्हती, सकाळी सात ते दुसऱ्या दिवशी सात बसलो. पण शेवटी आला तो, चार्ज घेतला, म्हणाला, जा आता. तो "जा" अजून ऐकू येतो.
या बाईला अकरा वर्षं कुणी बदली दिली नाही. सासूबाई गेल्या तरी कुणी जा म्हणालं नाही. झोप आली तर ती चोरून घेतेय, वर रीडिंग भरून ठेवतेय. माझ्यासारखी माणसं तीनला वाट बघतात म्हणून.
सु.ला म्हटलं, मी निरोपाच्या बाजूने. म्हणजे गेल्याच त्या.
सु.: "जातात कुठे? दिवसा बोलवा की. रविवारी दुपारी चकल्या पाडायला मला दोन हात हवेच आहेत. दिवस काय तुमच्या नियमात बसत नाही?"
दिवसा मी दहा ते एक डुलक्या काढतो, मग पेपर, मग खिडकी. दिवसा अनोळखी बाईशी काय बोलतात? सु.ला विचारलं तर म्हणाली, "तीनला काय बोलता?"

रात्री ३.००
ग्रुपवर लिहिलं: "ताई, तीनचा चार्ज मी घेतला. तुम्ही जा आता." मिस्त्रींनी नुसता अंगठा.
३.०४ ला ताईंना वेगळं. नियम मोडून. मी बडोद्याचा, कारेलीबागेत राहतो, तुमची लारी मे महिन्यात कळली. रविवारी दुपारी तीनला चकल्यांना या, बायको बोलावतेय. मीही.
शेवटचा शब्द दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा ठेवला.
३.२० झाले. झोपल्या असणार. साडेसहापर्यंत काही कळायचं नाही.