सासूबाईंनी झाकलेलं यंत्र

१८ जानेवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. इस्त्री तापायला ठेवलीय, तेव्हा नमस्कार घाईचा असला तरी मनापासूनचा आहे. तुझे गुडघे कसे आहेत? आणि ठकी नीट जेवते ना? माझी लेक वर्षभर तुझ्या घरी मोकळा श्वास घेतेय, हे मी बोलून दाखवत नाही, पण विसरतही नाही.

इकडची खबर मोठी आहे. फोनवर सांगताना मी मध्येच गडबडले असते, म्हणून लिहितेय. खाणीची धूळ अखेर खाली बसली.

तुला ठाऊकच आहे, गल्लीतल्या सगळ्यांनी प्रदूषण मंडळाकडे अर्ज केल्यावर हवा मोजायचं यंत्र आलं. खाणीला सगळ्यात जवळची गच्ची आमची, म्हणून ते आमच्याकडे बसवलं. याला कुणी हात लावायचा नाही, असं बसवणारी मॅडम बजावून गेली. महिन्याने आकडे आले ते असे, की बागेतल्या हवेनेही लाजावं. मालकाने ते मोठ्या अक्षरांत खाणीच्या फाटकावर लावले. इकडे माझ्या दोरीवरचे पांढरे शर्ट दुपारपर्यंत राखाडी होत होते, गिऱ्हाइकं तोंड वाकडं करत होती, आणि कागदावर सगळं आलबेल. धूळ कमी झाल्याशिवाय मुलीला इथे आणायचं नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलेलं. आता खाणीला जाब विचारणार कोण? ठकीचं घरी येणं बुडालंच, असं समजून मी कपाळाला हात लावून बसले.

मग एक दिवस मॅडम न कळवता आली. गच्चीवर गेली आणि तिथूनच मला हाक मारली. बघते तर यंत्रावर आमची चादर, चारी बाजूंनी नीट खोचलेली.

"मी हात कुठे लावला? नवं कोरं यंत्र, धुळीत खराब होईल म्हणून झाकलं," सासूबाई म्हणाल्या.

ताई, आमच्या घरात काय झाकलेलं नसतं? टीव्ही, पंखा, पाण्याचं पिंप, एवढंच काय, सासूबाईंच्या चपलासुद्धा. तसं यंत्रही झाकलं. आणि मॅडम येणार असली की सासूबाई आठवणीने चादर काढून ठेवायच्या, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून. करायला गेल्या एक आणि झालं भलतंच.

मला हसावं की रडावं कळेना. आमचे हे तर त्याच खाणीच्या क्रशरवर कामाला, दिवसभर खडी फोडणारे. आईला ते कधी उलट बोलत नाहीत, पण त्या दिवशी न जेवता उठले. मॅडमने मात्र चादरीवरची धूळ तपासायला ती होती तशी पिशवीत घालून मागितली. सासूबाई हटून बसल्या, अशी मळकी चादर बाहेरच्या माणसाला देतात का, धुऊन देते. शेवटी मी त्यांच्या हातातून ओढून घेतली. आमच्या लग्नानंतर त्यांच्याशी झालेली ही पहिली ओढाताण.

पुढे उघड्या यंत्राचे खरे आकडे आले आणि क्रशर बंद पडला. हे घरी बसले. पण मालकाला अखेर नमावं लागलं. आता क्रशरवर पाण्याचे फवारे आहेत, ट्रकांवर ताडपत्री आहे. हे पूर्वी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे घरी यायचे, आता चिखलात लोळून आल्यासारखे येतात. मी ते कपडे गाणं म्हणत धुते. सुरुंग उडतात तेव्हा अजून खिडक्या लावाव्या लागतात, पण बाकी वेळ त्या सताड उघड्या असतात.

आता जे टाळत इथवर आले ते लिहिते. नवे आकडे बघून डॉक्टर म्हणाले, "आणा तिला घरी." मी दवाखान्याच्या पायरीवर बसून आनंदाने रडले. त्याला पंधरवडा झाला. रोज तुला फोन लावते, भाजीपाल्याच्या गप्पा मारते आणि ठेवून देते.

कारण परवा फोनवर तुझ्या मागून ठकीचा आवाज आला. ती तुला 'मोठी आई' म्हणत होती. मला राग आला नाही. खोटं कशाला बोलू, थोडा आला. मग वाटलं, तिला धाप लागायची तेव्हा पाठीवरून हात कुणी फिरवला? तिनं तुला दुसरं म्हणायचं तरी काय? तुझं घर सुनं होणार, हे मला कळतं ताई. तरी मला माझी लेक हवी आहे.

तिला तूच सांग आणि तूच घेऊन ये. फक्त तिच्यासमोर डोळ्यांत पाणी आणू नकोस. पोर मायाळू आहे. तू रडलीस तर 'मी इथेच राहते' म्हणेल, आणि मग तिला नाही म्हणायचं बळ तुझ्यातही नसेल, माझ्यातही. रडायचं ते इथे येऊन माझ्याजवळ रड.

तुम्हा दोघींची वाट बघणारी,
तुझी धाकटी