मुंजीच्या फोटोतला सातवा

॥ श्री ॥

मी, गोदावरी यज्ञेश्वर थेरोंडकर, वय वर्षे चौसष्ट, धंदा नारळी-पोफळीच्या वाडीची देखरेख, राहणार चौल, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, आज माझ्या घराच्या ओटीवर बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दाब नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे, आणि तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कारण माझे दीर हरीभाऊजी गेले काही महिने साऱ्या पाखाडीत सांगत फिरतात की, वहिनींना भ्रम झाला आहे, त्या फोटोतल्या माणसांशी बोलतात. बोलते. जिवंत माणसं उत्तर देईनात, तर काय करू?

मला दोन मुलं झाली, दोन्ही राहिली नाहीत. माझे पती सन १९३८ साली वारले. वाडीचा मागला अर्धा भाग आणि घराचा पूर्वेकडचा भाग त्यांच्या वाटणीचा, तो माझ्याकडे आला, आणि १९५६ च्या कायद्याने मी त्याची पूर्ण मालक झाले. मी काही लिहून न ठेवता मेले, तर हे सगळं भाऊजींकडे जाईल. ते जाऊ नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप. वाडीपेक्षा मला काळजी आहे ती वाडीतल्या बुजवलेल्या विहिरीची. ती भाऊजींची झाली, तर पुन्हा कधी उघडायची नाही.

कलम पहिलं लिहिण्याआधी ज्याच्यामुळे ही वेळ आली तो फोटो सांगितला पाहिजे, नाहीतर वाचणारा म्हणेल म्हातारी खरंच चळली.

आमच्या कुळाचा कुलवृत्तांत छापायचं ठरलं आहे. त्या कामी बाळाजीपंत थेरोंडकर, गिरगावात राहणारे आमचे भाऊबंद, घरोघर जाऊन जुने फोटो गोळा करतात. फोटोवर पातळ कागद ठेवायचा, त्यावर डोक्यांच्या गोल रेघा काढायच्या, आकडे घालायचे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आकड्यापुढे नाव लिहायचं, अशी त्यांची पद्धत. दीड वर्षापूर्वी ते एक फोटो घेऊन आले. तो माझ्या धाकट्या नणंदेच्या ट्रंकेत दिवेआगरला सापडला. भाऊजींचा मुलगा रघू याच्या मुंजीत, शके १८४३ च्या वैशाखात, म्हणजे सन १९२१ मध्ये आमच्याच अंगणात काढलेला. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते, म्हणून त्यात नाही. असा फोटो काढला होता हेच मला चाळीस वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

बसलेल्यांत आकडा एक मामंजी, आकडा दोन सासूबाई, तीन मुंज्या रघू, चार त्याची आई, पाच नणंद. मागे उभे सहा आमचे हे, आठ हरीभाऊजी. मध्ये सात.

बाळाजीपंतांनी विचारलं, "हरीकाका, सात नंबर कोण?"

भाऊजींनी चष्मासुद्धा लावला नाही. म्हणाले, "आचारी. मुंजीला आणला होता. लिहा आचारी."

आता मला सांगा, मुलगे बापामागे वयाच्या क्रमाने उभे असताना थोरल्या आणि धाकट्याच्या मधोमध आचारी कोण उभा करील? तोही पगडी घातलेला, खांद्यावर जरीकाठी उपरणं घेतलेला? मी भिंग आणून पाहिलं. सातव्याचा डावा हात सासूबाईंच्या खुर्चीच्या पाठीवर होता, आणि त्या हाताच्या करंगळीला शेवटचं पेर नव्हतं.

ते पेर लहानपणी रहाटात सापडून तुटलं होतं. माझी जाऊ राही हिने मला शंभरदा सांगितलेलं. तिचा नवरा सदाशिव, या तिघांतला मधला. मी दुसरेपणावर या घरात आले त्याच वर्षी तो बोटीवर नोकरीला लागून गेला आणि त्याची काही खबर आली नाही. बारा वर्षं वाट पाहून सन १९२० मध्ये मामंजींनी त्याचा पलाशविधी केला. पळसाच्या देठांचा पुतळा, डोक्याच्या जागी आमच्याच वाडीतला नारळ. त्याला अग्नी दिला, दहाव्या दिवशी राहीचे केस उतरवले, आणि सदाच्या वाटणीची वाडी दोन भावांत धरली गेली. हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

म्हणजे जो माणूस १९२० मध्ये जाळला, तो १९२१ मध्ये आईच्या खुर्चीवर हात ठेवून उभा होता.

मी मनुबाईला गाठलं. मनुबाई आमच्या वाडीत पोफळींना पाणी लावायची. आता ऐंशीच्या घरात आहे, पण नजर शाबूत. फोटो दाखवताच तिने पदर तोंडाला लावला.

"व्हय काकू, ह्यो सदाभाऊच. मुंजीच्या आदी आला व्हता, दाडी वाडलेली. लोकांना सांगितलां, मुंबैचा पाव्हना हाय. शुद्धी केल्याबिगर तो मेलेलाच, आसा थोरला बामन, तुमचा सासरा, बोल्ला. पन आयशीनं फोटोच्या टायमाला हाताला धरून त्याला त्याच्या जाग्यावर उबा केला."

"आणि राही?"

"तिला मीच नेली त्याच्याकडं, वाडीतल्या खोपीत. रोज नेली. नवराच व्हता ना गो तिचा!"

"मग गेला कुठे तो?"

"बोटीवर गेला, आसा म्हनतात." मनुबाईने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. "गेला आसंल तं आनवानी गेला. त्याचा बूट मी खोपीतच बगितला. मंग दुसऱ्या दिशी मागली हीर बुजवाया गडी लावलं."

विहिरीचं मला ठाऊक होतं. मी आषाढात माहेराहून आले तेव्हा मागल्या विहिरीच्या जागी दगड-मातीचा ढीग होता. पाणी बिघडलं, मांजर पडलं, असं मला सांगितलं. मांजर पडलं तर विहीर उपसतात. पोफळीची बाग असलेला माणूस ऐन वैशाखात, पाण्याच्या थेंबाथेंबासाठी रहाट फिरत असताना, भरली विहीर बुजवतो असं अख्ख्या चौल-रेवदंड्यात कोणी ऐकलं आहे का? त्या वर्षी मागली सारी बाग करपली. पुढे वाटपात तोच करपलेला भाग आमच्या पदरात घातला, आणि आमच्या ह्यांनी एक शब्द न बोलता घेतला.

कोणी काय केलं ते मी पाहिलेलं नाही, म्हणून ते मी लिहीत नाही. मी पाहिलं ते लिहिते. सासूबाईंनी अंथरूण धरलं होतं, त्या भिंतीकडे तोंड करून असत, आणि श्रावणात गेल्या. भाद्रपदात राहीचं पोट दिसू लागलं. मी तिला विचारलं, "कोणाचं गं?" ती म्हणाली, "ह्यांचंच." मला वाटलं, दुःखाने पोरीचं डोकं फिरलं. मामंजींनी तिला विधवेचं आलवण नेसलेल्या अंगानिशी घराबाहेर काढलं. सत्य ठाऊक असलेले दोन भाऊ ओटीवर उभे होते. त्यातला एक माझा नवरा. मरताना ते "सदाला पाणी द्या, सदाला पाणी द्या" म्हणत होते. आम्ही समजलो तर्पणाचं म्हणताहेत. त्यांची बायको म्हणून मी सगळं केलं, पण या एका गोष्टीची माफी मी त्यांना देत नाही, आणि हेही या मृत्युपत्राचा भाग समजावं.

आता कलमं.

एक. वाडीचा माझ्या मालकीचा मागला अर्धा भाग, नारळी-पोफळींसह, बुजवलेल्या विहिरीसह, तसंच घराचा पूर्वेकडचा भाग, हे सर्व मी केसर सदाशिव थेरोंडकर हिला देते. ही सदाशिव आणि राही यांची औरस मुलगी, जन्म माघ महिना, सन १९२२. पेणला मुलींच्या शाळेत शिक्षिका आहे. राहीच्या नागावच्या माहेरी चौकशी करता करता तिचा पत्ता लागला. राही पेणला एका घरी स्वयंपाकाला राहिली, तिथेच १९४४ मध्ये वारली. केसरने आजवर बापाचं नाव लावलेलं नाही. लग्नाची दोन स्थळं गोत्र विचारून परत गेली, तिसरं तिने येऊ दिलं नाही. मी फोटो तिच्या हातात दिला. तिने तो उजेडाकडे धरला, मग स्वतःच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "काकू, हे माझंच कपाळ आहे हो." मला रडू आवरलं नाही. मी या पोरीची रक्ताची कोणी नव्हे, पण या घरातून तिला जे जायला हवं होतं ते आता माझ्याच हातून जाऊ शकतं.

दोन. विहीर उपसावी. मी फाल्गुनात गडी लावले होते. एक दिवस खणलं, दुसऱ्या दिवशी कोणी फिरकलं नाही. सगळी भाऊजींची कुळं. त्यानंतर माझ्या न्हाणीच्या पायरीचा दगड कोणीतरी सैल करून ठेवला, आणि भाऊजी झोपाळ्यावरून म्हणाले, "वहिनी, वय झालं, पाण्याशी जपून जात जा." म्हणून पोस्टातली माझी सर्व रक्कम मी या कामासाठी ठेवते. गडी बाहेरगावचे आणावे. जे मिळेल ते केसरच्या ताब्यात द्यावं. अग्नी तिने द्यावा. मुलीने देऊ नये म्हणणाऱ्याला माझ्या तेराव्याला जेवायला बोलावू नये.

तीन. माझ्या सोन्याच्या पाटल्या केसरला. तिने त्या लगेच हातात घालाव्या, लग्नाची वाट पाहू नये. तांब्याचा बंब आणि गाय मनुबाईला. तिची झोपडी माझ्या हद्दीत आहे. ती जिवंत असेतो तिला कोणी उठवू नये.

चार. हरीभाऊजींना मी तो मुंजीचा फोटो देते. मोठा करून, चौकटीत बसवून, खाली आठही नावं छापून. झोपाळ्यासमोरच्या भिंतीवर लावावा. ती भिंत माझ्या वाटणीची आहे, तेव्हा तो उतरवण्याचा त्यांना अधिकार नाही.

पाच. कुलवृत्तांतात सात नंबरपुढे 'आचारी' छापू नये. सदाशिव, पत्नी राही, कन्या केसर, असं छापावं. मृत्यूची तिथी पलाशविधीची घालू नये. ती जागा विहीर उपसेपर्यंत कोरी ठेवावी. राहीला विधवा म्हणूनही लिहू नये. केसर मला म्हणाली, "आई रोज दार लावून आरशासमोर बसायची. केस नसलेल्या डोक्यावर पदर घ्यायची, कुंकू लावायची, आणि दार उघडायच्या आधी पुसून टाकायची. मी विचारलं तर म्हणायची, ते बोटीवर आहेत." तेवीस वर्षं ती बाई बोटीची वाट पाहत होती. तिला निदान छापील कागदावर कोणी पुसू नये.

सहा. अंमलबजावणीला मी बाळाजीपंतांना नेमते. ते भित्रे आहेत, पण छापण्याआधी चारदा पडताळून पाहतात, म्हणून त्यांच्यावर माझा विश्वास आहे.

एवढं लिहून झाल्यावर मी भाऊजींना ओटीवर बोलावलं आणि बाळाजीपंत व डॉक्टर यांच्यादेखत सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. माझ्या पाठीमागे काही केलं, असं व्हायला नको. भाऊजी सुपारी कातरत ऐकत होते. विहिरीचं कलम वाचताना सुपारी कातरायची थांबली, एवढंच. शेवटी त्यांनी विचारलं, "हे अलिबागला रजिस्टर कधी करणार?"

मी म्हटलं, "उद्या."

"उद्या ना?" ते उठले. "मग आज दमू नका, वहिनी. संध्याकाळी आंघोळीला गरम पाणी मी स्वतः काढून ठेवतो."

या घरात मला त्रेपन्न वर्षं झाली. भाऊजींनी मला कधी पाण्याचा तांब्या भरून दिलेला नाही.

ते गेल्यावर बाळाजीपंत उठून उभे राहिले. म्हणाले, "काकू, आत्ताच्या आत्ता चला माझ्याबरोबर." मी नाही म्हटलं. मी गेले तर रात्रीतून त्या ढिगावर काय होईल, कोण सांगणार? आणि भाऊजींना एक गोष्ट ठाऊक नाही, ती मी वकिलाकडून खात्री करून घेतली आहे: मृत्युपत्र रजिस्टर नसलं तरी चालतं. दोन साक्षीदारांदेखत माझी सही झाली की ते पुरं झालं. म्हणून खाली सही करून मी हा कागद बाळाजीपंतांच्या हाती देत आहे, आणि ते आत्ताच्या एस.टी.ने केसरकडे पेणला निघत आहेत. आता उद्याची सकाळ मी पाहो न पाहो, केसरचं काही जात नाही.

सही: गोदावरी यज्ञेश्वर थेरोंडकर
मुक्काम चौल, मंगळवार, ता. ११ एप्रिल १९६१, चैत्र वद्य पक्ष, शके १८८३. दुपारचे चार.

आमच्यादेखत लिहिणाऱ्या बाईंनी सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही केली:

१. बाळाजी विश्वनाथ थेरोंडकर, राहणार गिरगाव, मुंबई.

२. डॉ. दिनकर गोपाळ आक्षीकर, राहणार रेवदंडा. बाईंची प्रकृती आज तपासली. नाडी, हृदय, स्मरण उत्तम. नैसर्गिक कारणाने इतक्यात काही होण्याचं लक्षण नाही, असं मी मुद्दाम नमूद करतो.