गार लागतो का

बाबा, तुमच्या चांदीच्या तारेने आईचं चित्र काढायचं म्हणून किती दिवस झटतोय, आणि अजून एक रेघ ओढलेली नाही. आईचं जेवण सुटत चाललंय. ती मला ओळखत नाही. डॉक्टर नुसते खांद्यावर हात ठेवून जातात. ती आहे तोवर तिचा चेहरा कागदावर यावा, एवढंच मला हवंय.

खमरियाच्या कारखान्यात आठवडाभर तुम्ही यंत्रांच्या भागांचे नकाशे काढायचात आणि रविवारी आपल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात चित्राचा कागद तयार करायला पाट टाकून बसायचात. साध्या कागदावर चांदीच्या तारेची रेघ उमटतच नाही, आधी त्याला पांढरं अस्तर द्यावं लागतं, हे मला तिथेच कळलं. पहिल्या खेपेला तुम्ही सरस आणला होता. तो जनावराच्या कातड्याचा आहे म्हटल्यावर आईने वाटी उचलून अंगणात नेली. "माझ्या शेगडीवर हे नाही चालणार, सांगून ठेवते." मग तिच्याच लाडवांच्या डब्यातला डिंक आला. भिजवून फडक्यातून गाळलेला डिंक, त्यात खडूची वस्त्रगाळ पूड आणि थोडा सफेदा. एक हात उभा द्यायचा, तो वाळला की दुसरा आडवा. वाळला का हे बोट लावून बघायला मला सक्त मनाई. तुम्ही कागद कडांनी धरून त्याची मागची बाजू पोळ्या लाटणाऱ्या आईच्या गालाला टेकवायचात. "गार लागतो का?" तिचे हात पिठाचे. ती मान न वळवता म्हणायची, "अहो, ओला आहे अजून. काहून घाई करून राहिले?" तुम्ही "बरं" म्हणून कागद परत दोरीला लावायचात.

एकदा मी तो माझ्याच गालाला लावला, तर केवढे रागावलात. "खेळून आला तू, गाल तापलाय तुझा. आईलाच विचार." शेगडीपाशी उभ्या बाईचा गाल कसा काय गार राहतो, हे तुम्हाला कोणी विचारलं नाही. आता हसू येतं. आपल्या त्या घरात, आजी-आजोबांसमोर, दुसऱ्या कुठल्या निमित्ताने तुम्ही तिच्या गालापर्यंत पोचला असतात?

आता मी करायला घेतलेला पहिला कागद डिंक जास्त झाल्याने तडकला. दुसऱ्याची पूड हाताला येऊ लागली. माझी मुलगी म्हणाली, "पापा, आजी का फोटो खींच लो ना." फोटो ढीगभर आहेत. मला तिच्यासमोर बसून तिला बघत राहायचं होतं.

शेवटी एक कागद जमला. काहीच सुचेना म्हणून मी त्याची मागची बाजू आईच्या गालाला टेकवली आणि विचारलं, "गार लागतो का?" दिवसच्या दिवस छताकडे बघत पडलेली आई चक्क बोलली. "अहो, ओला आहे अजून. काहून घाई करून राहिले?" तुमच्या अस्थी ग्वारीघाटावर सोडल्या, हे ती कधीच विसरली आहे. ते 'अहो' माझ्यासाठी नव्हतं. मला रडू आलं, आणि खरं सांगतो, तुमचा हेवाही वाटला. तरी तुमच्यासारखंच "बरं" म्हणालो. ती हसली.

चांदीची रेघ खोडता येत नाही, म्हणून हात धजत नाही, असं मी घरात सांगतो. तुम्हाला तसं सांगवत नाही. हे पत्र वाचायला तुम्ही नाही, म्हणून लिहितो. बाबा, कागद केव्हाच वाळलाय. तारेचं टोकही घासून ठेवलंय. तिचे गाल रोज थोडे आत जातायत, आज काढायचा तो चेहरा उद्या नसेल, हेही दिसतंय मला. पण चित्र सुरू केलं की तिला विचारायला काही उरणार नाही. म्हणून रोज सकाळी मी तो कोरडा कागद तिच्या गालाला टेकवतो, ती "ओला आहे" म्हणते, आणि मी "बरं" म्हणून परत दोरीला लावतो.